काचबिंदू हाताबाहेर गेला तर: गोठवण्याचा उपाय

काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. थेंब, गोळ्या, ऑपरेशन करूनही डोळ्याचा दाब उतरत नाही आणि ठणका सहन होत नाही, तेव्हा सायक्लोक्रायोथेरपी करतात. डोळा बधिर करून, उणे ६० ते ८० अंश सेल्सिअस थंड सळई बुबुळाच्या कडेलगत मिनिटभर टेकवतात. आत पाणी तयार करणारा भाग गोठतो. पाणी कमी, म्हणून दाबही कमी. इटलीच्या बिएत्ती यांनी १९५० मध्ये ही पद्धत मांडली. नंतर डोळा चांगलाच दुखतो, सुजतो. कधी उरलीसुरली नजरही जाते, क्वचित डोळाच आक्रसतो. म्हणूनच हल्ली बहुतेक डॉक्टर लेझर वापरतात. अब्बांना त्या डोळ्याने अजून थोडं दिसत असेल, तर सही करण्याआधी लेझरचं जरूर विचारा.