पॅरिसमधला एक खटला

मध्ययुगीन युरोपातली स्त्री म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर साधारणपणे दोनच चित्रे येतात. एक किल्ल्याच्या सज्जात उभी असलेली सरदारकन्या आणि दुसरी चेटकीण ठरवून जाळली जाणारी म्हातारी. यातले दुसरे चित्र तर चुकीच्या काळात बसवलेले आहे. चेटकिणींच्या खटल्यांचा कहर झाला तो साधारण १५६० नंतरच्या शंभरेक वर्षांत, म्हणजे छापखाना आणि कोपर्निकसचा ग्रंथ येऊन गेल्यावर. शेतात राबणाऱ्या, सूत कातणाऱ्या, बिअर बनवून विकणाऱ्या, औषधपाणी करणाऱ्या असंख्य बायका या दोन्ही चित्रांत कुठेच नसतात. त्यांच्यापैकी एकीची हकिगत आपण पाहू. तिच्यावर खटला भरला गेला, म्हणूनच तिचे नाव आपल्यापर्यंत पोहोचले.

तिचे नाव जाकोबा फेलिसी. १३२२ साली पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यक शाखेने तिला बिशपच्या न्यायालयात खेचले. आरोप काय होते? ती रोग्यांच्या घरी जाते, लघवी तपासते, नाडी पाहते, अंग चाचपून पाहते, काढे आणि रेचके देते, बरे करण्याचे वचन देते आणि त्याबद्दल पैसे घेते. थोडक्यात, वैद्य जे जे करतो ते सारे ती करत होती, आणि तिच्याकडे परवाना नव्हता. तिने रोग्याला अपाय केला असा आरोप मात्र यात नव्हता.

साक्षीदार आले ते तिचे रोगीच होते. एकाचे डोके आणि कान दुखत होते, तो तिच्या औषधाने बरा झाला. दुसऱ्याने सांगितले की ती वारंवार घरी येऊन पाहून जाई, कोणत्याही वैद्याने केली नाही इतकी काळजी तिने घेतली, आणि बरे वाटेपर्यंत तिने पैसे मागितले नाहीत. एका तापकरी बाईला तर विद्यापीठाच्या वैद्यांनी तपासून सोडून दिले होते. ती जाकोबाच्या औषधाने उठली. साक्षी अशा की त्यांनी तिचा गुन्हाही सिद्ध व्हावा आणि तिची लायकीही!

इथे आपण एक सावधगिरी घेऊ. जाकोबाकडे काही वेगळे, आधुनिक शास्त्र होते असे समजण्याचे कारण नाही. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त या चार द्रवांचा तोल बिघडला की रोग होतो, असे त्या काळचे वैद्यक मानत असे. लघवीचा रंग आणि नाडीची गती पाहून हा बिघाड ओळखायचा. जाकोबाची पद्धत याच चौकटीतली होती. तिला कोर्टात खेचणारे वैद्यही हेच करत होते. म्हणजे वाद उपचारांच्या दर्जाचा नव्हताच.

जाकोबाच्या बाजूने दोन मुद्दे मांडले गेले. एक असा की परवान्याचा नियम अडाणी, भोंदू लोकांना आवर घालण्यासाठी आहे. जिला विद्या येते तिला तो लागू होऊ नये. दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. अनेक स्त्रिया आपले गुप्त आजार पुरुषाला दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात, तेव्हा स्त्रीला तपासायला स्त्रीच असणे उचित. यावर विद्यापीठाचे म्हणणे असे की स्त्रीला वकिली करता येत नाही, फौजदारी खटल्यात साक्ष देता येत नाही. वकिलाच्या अज्ञानाने फार तर दावा बुडेल, वैद्याच्या अज्ञानाने जीव जाईल. मग जिला वकिली नाही तिला वैद्यकी कशी द्यायची? न्यायालयाला हे पटले. जाकोबाला वैद्यकीची बंदी झाली. मोडल्यास चर्चमधून बहिष्कार आणि साठ पॅरिसी पौंड दंड.

आता नकाशावर थोडे दक्षिणेकडे येऊ. आदल्याच वर्षी, १३२१ मध्ये, नेपल्सच्या राज्यात सालेर्नो गावच्या फ्रांचेस्का नावाच्या विवाहित स्त्रीला शस्त्रवैद्यकीचा रीतसर परवाना मिळाला होता. राजाच्या शस्त्रवैद्यांनी तिची परीक्षा घेतली होती आणि परवाना दिला होता युवराज चार्ल्सने. परवान्यात कारण कोणते नोंदले आहे? कायद्याने स्त्रियांना वैद्यकीची मुभा आहे, आणि स्त्रीरोग्यांना स्त्रीनेच तपासणे मर्यादेला धरून आहे. जो मुद्दा पॅरिसमध्ये फेटाळला गेला, तोच नेपल्समध्ये एक वर्ष आधी सरकारी कागदावर आला होता! १२७३ ते १४१० या काळात नेपल्सच्या राज्यात अशा २४ स्त्री-शस्त्रवैद्यांच्या नोंदी सापडतात.

धर्म तोच, शतक तेच, वैद्यकही तेच. मग फरक कशाने पडला? आम्हाला वाटते, परवाना कोणाच्या हाती होता याने. नेपल्समध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या १२३१ च्या कायद्यापासून परवाना राजा देत असे, परीक्षा घेऊन. पॅरिसमध्ये तो पदवीधर वैद्यांच्या मंडळाच्याच हाती होता, आणि त्यासाठी आधी विद्यापीठातून पदवी घ्यावी लागे. विद्यापीठाचा विद्यार्थी धर्मसेवक वर्गात मोडत असे आणि त्या वर्गात स्त्रीला जागा नव्हती. पदवी नसलेल्या पुरुषांवरही पॅरिसमध्ये कारवाया झाल्या. पण पुरुषाला निदान पदवी घेण्याचा मार्ग मोकळा होता. जाकोबाकडे मागितलेला कागद तिला कोणत्याच मार्गाने मिळू शकत नव्हता.

विद्यापीठांचा उदय आपण वर्गात एक उजळ घटना म्हणून शिकवतो आणि ते चूकही नाही. पण ज्ञानाला अधिकृत दरवाजा बसला की दरवाजाबाहेरचेही काही लोक ठरतात. त्याआधी विद्या मठांत होती आणि मठ स्त्रियांचेही होते. जर्मनीतल्या बिंगेनच्या हिल्डेगार्डने (१०९८-११७९) मठात राहूनच वनस्पती, खनिजे आणि रोगोपचार यांवर लिहिले.

फ्रांचेस्काच्या सालेर्नोत तर बाराव्या शतकात त्रोता नावाची नामांकित वैद्य होऊन गेली. तिच्याबद्दलची एक हकिगत सांगण्यासारखी आहे. एका मुलीच्या पोटातले आतडे फाटले आहे असे समजून तिच्यावर शस्त्रक्रिया करायचे ठरले होते. तज्ज्ञ म्हणून त्रोताला बोलावले. तिला हे निदान पटेना. मुलीला ती आपल्या घरी घेऊन गेली, आणि दुखणे गर्भाशयात अडकलेल्या वायूचे आहे असे ठरवून वनस्पतींच्या काढ्याची स्नाने आणि लेप यांनी तिला बरे केले. कारण आज पटणार नाही. पण शस्त्रक्रिया टळली. तिच्या नावावरून ‘त्रोतुला’ म्हणून ओळखले जाणारे लेखन युरोपभर नकलून घेतले गेले. पुढे १५६६ च्या छापील आवृत्तीत संपादकाने लेखक म्हणून चक्क एका रोमन पुरुषाचे नाव घातले. १९८५ मध्ये जॉन बेंटन या अभ्यासकाने माद्रिदच्या हस्तलिखितात त्रोताचे आणखी लेखन ओळखले, तेव्हा कुठे तिचे अस्तित्व वादापलीकडे गेले.

आणि पॅरिसची वैद्यक शाखा? १३४८ मध्ये प्लेग आला तेव्हा राजाने तिच्याकडे कारण विचारले. पंडितांनी उत्तर दिले की १३४५ साली कुंभ राशीत शनी, गुरू आणि मंगळ यांची युती झाल्याने हवा दूषित झाली. परवाना मात्र त्यांच्याकडे होता.

याच शाखेने एका स्त्रीला डॉक्टरेट दिली ती १८७० साली, जाकोबाच्या खटल्यानंतर ५४८ वर्षांनी. ती स्त्री इंग्लंडची एलिझाबेथ गॅरेट. मायदेशात एका संस्थेच्या परीक्षेतून ती १८६५ मध्ये पार पडली, तर पुन्हा कोणी बाई त्या वाटेने येऊ नये म्हणून त्या संस्थेने नियमच बदलले. म्हणून पॅरिस. परीक्षा फ्रेंचमध्ये द्यायची, तीही तिने दिली. प्रबंधाचा विषय होता अर्धशिशी. डोके दुखणारा तो साक्षीदार आम्हाला इथे आठवल्यावाचून राहिला नाही.

ही बाई पुढे लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यक विद्यालयाची प्रमुख झाली. ती त्या पदावर असतानाच, १८८९ मध्ये, मुंबईहून एक विद्यार्थिनी तिथे दाखल झाली. लहानपणी लावून दिलेले लग्न नाकारल्याबद्दल तिलाही कोर्टाची पायरी चढावी लागली होती. तिचे नाव रखमाबाई. शिक्षण पुरे करून ती परत आली आणि सुरतच्या स्त्रियांच्या दवाखान्यात तिने अनेक वर्षे काम केले.