आजीचा रांजण

आमची आजी नगरकडची. लग्न झाल्यावर माळशेज घाट उतरून मुरबाडला आली आणि इथलीच झाली. आजोबा शाळामास्तर. रविवारी उपासना घरातच व्हायची, मग तांदळाची भाकरी आणि सुकट. जेवताना बाप्तिस्म्याचा विषय निघाला की आजी लक्ष्मीबाई टिळकांवर यायची, नात्यातल्या बाईबद्दल सांगावं तशी.

लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक लहानपणी कल्याणला शिकले, म्हणून आजोबांना ते आपल्या जिल्ह्याचे वाटत. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आजीचा जीव मात्र मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंत. शहापूरला जाताना आसनगावात नाशिककडची गाडी दिसली की म्हणायची, “याच रुळांवरून गेली असेल गं ती!”

लक्ष्मीबाईंचे वडील इतके सोवळे, की बाजारचा जिन्नससुद्धा धुतल्याशिवाय घरात येत नसे. त्या घरची ही लेक. पुढे नवऱ्याजवळ परतली तरी आपलं सोवळं तिनं सोडलं नाही. मग हळूहळू तिचं तिलाच उमगलं, की माणसामाणसांतला हा भेद देवानं केलेला नाही. १९०० साली तिनं बाप्तिस्मा घेतला. “आधी सगळ्यांच्या हातचं पाणी प्यायली, मग डोक्यावर घेतलं,” आजी सांगे. शब्द थोडे इकडेतिकडे झाले असतील. तिचा आवाज मात्र अजून कानात आहे.

आमचे बाप्तिस्मे तान्हेपणीचे. आईबापांनी आमच्या वतीनं दिलेलं वचन मोठेपणी आम्ही आपल्या तोंडानं कबूल केलं. ख्रिस्ताबरोबर मरायचं, त्याच्याबरोबर उठायचं, असं पाळक शिकवत. उठलेल्या माणसानं कसं वागायचं, ते आम्ही आजीच्या ओटीवर पाहिलं. वैशाखात कातकरी-ठाकरांच्या बायका मोळ्या घेऊन बाजाराला येत. त्यांच्यासाठी रांजण भरलेला असे. तांब्या घरच्यांचा तोच त्यांचा.

१९१७ साली टिळकांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा संघ काढला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांनाही त्यात जागा होती. आजोबांना हे कधीच पटलं नाही. प्रभूनं स्वतः यार्देन नदीत बाप्तिस्मा घेतला, मग आपण टाळणारे कोण? मलाही त्यांचंच खरं वाटतं. आजी म्हणायची, “घ्यावाच. पण घेऊन पुन्हा सोवळं पाळलं, तर?” यावर आजोबा गप्प बसत. रांजण भरायला पहाटे विहिरीवर मात्र तेच जात.