नव्व्याण्णव लाख खेळांची कॅसेट

पावसाळ्याआधी जुन्या कागदांना एकदा ऊन दाखवावे म्हणून परवा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तळाशी एक पिवळी प्लास्टिकची डबी निघाली. सुट्टीला रहिमतपूरला आलेला नातू ती पाहून ओरडलाच, "आबा, ही तर गेमची कॅसेट!"

कॅसेट म्हणजे गाण्यांची नव्हे. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या खाचेत खोचायची, ती. १९९५ च्या दिवाळीत मी ती साताऱ्याहून चिरंजीवांसाठी आणली होती. वर मोठ्या अक्षरांत छापले होते : ९९९९९९९ खेळ एकात! चार दिवसांनी चिरंजीव म्हणाले, "अण्णा, यात खेळ चोवीसच आहेत. पुढं तेच तेच परत येतात." मी खेकसलो, "वर छापलंय ते काय खोटं? पैसे मोजून आणलीय, खेळायचं तर खेळ!" विषय तिथेच संपला.

नातवाने आता स्क्रू-ड्रायव्हर आणून ती उघडली. आत तळहातात मावेल एवढी हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका. बाकी काही नाही. ना कंपनीचे नाव, ना साल. "नकली आहे, आबा," नातवाने निकाल दिला. इतिहास शिकवण्यात हयात गेलेली असल्याने मी विचारले, "कशावरून?" मग दोन दिवस तो सांगत होता, मी वाचत होतो आणि विचारत होतो. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने फॅमिकॉम नावाचे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आणले. त्याच्या कॅसेटला ६० पिना. खरी-खोटी कॅसेट ओळखणारे कुलूप त्या यंत्रात नव्हते. १९८५ मध्ये तेच यंत्र नव्या रूपात अमेरिकेत गेले तेव्हा कॅसेटला ७२ पिना झाल्या आणि आत कुलपाची एक चिप बसली. नक्कल करणाऱ्यांनी साहजिकच बिनकुलपाचे घर धरले. आपल्याकडे 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा नावांनी जे टीव्ही गेम आले ते या फॅमिकॉमच्याच नकला. परदेशी वस्तूंवर त्या काळी बंधने होती आणि जकातही जबर. आयातीवरची शेवटची संख्यात्मक बंधने तर १ एप्रिल २००१ ला उठली. त्यामुळे अस्सल कॅसेट कशी दिसते हे आमच्या मुलांनी पाहिलेच नव्हते. ताडून पाहायला अस्सल नमुनाच नसेल तर नक्कल ओळखणार कशी?

गेम पार्लरमधल्या मोठ्या यंत्रांची गोष्ट थोडी वेगळी. आपली पोरे ज्याला 'मुस्तफा' म्हणत, तो कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा खेळ. मुस्तफा हे त्यातल्या एका पात्राचे नाव, खेळाचे नाव निराळेच! तो खेळ एका मोठ्या बोर्डावर येई. पण एस.एन.के. कंपनीने १९९० मध्ये निओ जिओ हे यंत्र आणले, त्यात कॅसेट बदलली की खेळ बदले. काही यंत्रांत एकाच वेळी सहा कॅसेट बसत. पार्लरवाल्याला नवे यंत्र घ्यायला नको, पण कॅसेट महाग. मग तिच्याही नकला निघाल्या.

या कॅसेट पारखणारे लोक वरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवत नाहीत. कवच अस्सल आणि आतला माल दुसराच, हा प्रकार सर्रास चालतो. जुन्या कोऱ्या कागदावर नवी सनद लिहावी, तसेच हे. म्हणून ते कॅसेट उघडतात. निओ जिओच्या पार्लर कॅसेटमध्ये दोन पट्ट्या असतात, एकीवर प्रोग, दुसरीवर चा अशी अक्षरे. अस्सल पट्टीवर कंपनीचे नाव छापलेले असते, चिपांवर कारखान्यातला एकसारखा ठसा आणि सांधे यंत्राने केलेले, स्वच्छ. नकलेत चिपांवरची अक्षरे बहुधा खरवडलेली, सांधे हाताने केलेले. शिवाय पुसून पुन्हा भरता येणाऱ्या चिपा, ज्यांच्या पाठीवर काचेची खिडकी असते आणि ती कागद चिकटवून झाकलेली असते. पण गंमत अशी, की कमी संख्येने निघालेल्या काही अस्सल कॅसेटमध्येही अशा चिपा सापडतात! म्हणजे एका खुणेवर निकाल देता येत नाही. चार खुणा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. वर्गात मी दुसरे काय शिकवत होतो?

आणखी एक खूण. मारिओच्या अस्सल खेळात पहिल्याच पडद्यावर १९८५ हे साल आणि निन्टेन्डोचे नाव येते. नकलांमध्ये ही ओळ बहुधा पुसलेली असते. नक्कल करणारा आधी कर्त्याचे नाव खोडतो, हे ताम्रपटापासून कॅसेटपर्यंत सारखेच.

आणि ते ९९९९९९९? मारिओचा अख्खा खेळ ४० किलोबाइटचा. असे एक कोटी खेळ म्हणजे सुमारे ४०० जीबी. १९९५ मध्ये घरगुती संगणकाची हार्ड डिस्क एक जीबीच्या आसपास असे. बरे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते असे धरू. पण प्रत्येक खेळ एकच मिनिट खेळायचा म्हटला तरी झोप न घेता १९ वर्षे लागतील, हा हिशेब तर पाचवीचा आहे! तोही मी केला नाही. छापील आहे म्हणून खरे मानू नका, असे पोरांना वर्षानुवर्षे बजावणारा मी, घरी मात्र छापील चिठ्ठीच्या बाजूने उभा राहिलो.

ट्रंकेत कॅसेटखाली वहीचा एक दुमडलेला कागदही होता. चिरंजीवांचे आठवीतले अक्षर. एक ते चोवीस खेळांची नावे, मग '२५ = परत १, पण मारिओ जास्त', '२६ = परत २, मधूनच सुरू'. पुढे असेच ७० पर्यंत. चिठ्ठीवर विसंबून न राहता पोराने एकेक खेळ उघडून पाहिला होता, नोंद केली होती आणि मगच माझ्याकडे आला होता. अस्सल पुरावा घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला मी खेकसून परत पाठवले.

रात्री फोनवर त्याला हे सांगितले. तो हसला. म्हणाला, "अण्णा, त्या चोवीस खेळांवर आख्खी आळी तीन वर्षं खेळली. जाऊ द्या." त्याच्या मनात काही नाही, हे कळले. माझ्या मनात होते, म्हणून इथे लिहिले. तोही हा ब्लॉग वाचतोच.

त्या कागदाच्या खाली लाल शाईने 'बरोबर' असे लिहून सही केली. तीस वर्षे उशीर झाला, पण तपासायची वही शेवटी तपासून झाली. ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली, कागद मात्र टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.

असो. तुमच्या माळ्यावर अशी एखादी कॅसेट असेल तर उघडून पाहा, आत काय निघते ते जरूर कळवा.