वाहनारूढ होण्याचा हक्क

सार्वजनिक रस्त्यानें मोटारसायकलवर बसून जाण्यास कायद्याचें स्वतंत्र संरक्षण लागावें, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. सार्वजनिक स्थळें अस्पृश्यांस खुलीं करणारा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलांत १९२३ सालीं संमत झाला. पण परभणी तेव्हां निजामाच्या राज्यांत असल्यानें तो येथें लागू नव्हता. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेचें १५ वें कलम येथेंही लागू झालें. त्यांत विहिरी, तलाव, घाट व रस्ते स्पष्ट आले. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्यांत रस्त्याबरोबर सार्वजनिक वाहनही आलें; स्वतःच्या वाहनाचें नांव मात्र नाहीं. वस्तुतः पायीं चालणारास जेथें कोणी अडवीत नाहीं तेथेंही घोड्यावरील नवरदेवास खालीं उतरवितात. आक्षेप असतो तो उंच बसण्यालाच!

हें न्यून १९८९ च्या अत्याचारप्रतिबंधक कायद्याच्या दुरुस्तीनें भरून निघालें. ती २६ जानेवारी २०१६ पासून अंमलांत आहे. अनुसूचित जाति-जमातींच्या व्यक्तींसाठीं तींत सायकल, मोटारसायकल, पादत्राणें, नवीं वस्त्रें व वरातींतील घोडा हीं नांवानिशीं सांगितलीं असून, अडविणारास सहा महिने ते पांच वर्षे कैद व दंड आहे. सूत्रकारांस अल्पाक्षरत्व प्रिय. येथें मात्र विस्तारच इष्ट, असें आमचें मत आहे. कारण वाहनाचें नांव नसतां, रस्त्याच्या हक्कांत स्वारी येते कीं नाहीं, हाच वाद आधीं उभा राहता.