कोपऱ्यातला माणूस
बॉक्सरच्या यशात ट्रेनरचा वाटा कितीसा? ठोसे तर शेवटी बॉक्सरच खातो, असं मला बरीच वर्षं वाटायचं. दोन जुन्या लढतींनी माझं मत बदललं.

२५ फेब्रुवारी १९६४, मायामी. चौथ्या राउंडनंतर कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मोहम्मद अली, कोपऱ्यात परतला तो डोळ्यांची आग आग होत. काही दिसेना, ग्लोव्हज कापा म्हणाला. ट्रेनर अँजेलो डंडीने डोळे धुतले आणि त्याला परत रिंगमध्ये ढकललं. सातव्या राउंडला सॉनी लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही. क्ले जगज्जेता झाला.

१ ऑक्टोबर १९७५, मनिला. आता अलीसमोर जो फ्रेझर. चौदा राउंड झालेले, एकच बाकी. फ्रेझरचे डोळे सुजून जवळजवळ मिटलेले, तरी गडी लढायला तयार. ट्रेनर एडी फचने लढत थांबवली. फ्रेझर हरला.

एकाने ढकललं, दुसऱ्याने अडवलं. डंडीचा वाटा जगज्जेतेपदात मोजता येतो. फचचा कशात मोजायचा?

फ्रेझर त्यानंतर ३६ वर्षं जगला. मी तरी तेही यशातच धरतो.