जुळ्यांचा वाण कलकत्त्याहून

ऑस्ट्रेलियातल्या कूमा गावाजवळचा बुरूला हा मेंढवाडा प्रसिद्ध झाला तो लोकरीमुळे नव्हे, वेतांमुळे. मेरिनो मेंढी बहुधा एका वेताला एकच कोकरू देते. सिअर्स बंधूंच्या या कळपात मात्र जुळी-तिळी नित्याची होती. १९५८ साली सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेला त्यांनी दिलेला मेंढा तर पाच भावंडांतला एक. याचे श्रेय त्या बंधूंच्या चोखंदळ निवडीला देण्याचा मोह होतो, पण ते अर्धेच खरे. निवडीने गुण टिकला, वाढला. आला तो बंगालमधून.

हे ठरायला आधी जुळ्यांचे कारण कळायला हवे होते. दोन वेगळ्या बीजांडांची जुळी काही घराण्यांत पुन्हा पुन्हा होतात, आणि संशय होता एफएसएच या संप्रेरकावर. पियूषिका ग्रंथीतून ते स्रवते आणि अंडाशयातली बीजपुटके वाढवते. ते जास्त असले तर एकाऐवजी दोन पुटके पक्व होऊ शकतात. नायजेरियातल्या योरुबा स्त्रियांमध्ये जुळ्यांचे प्रमाण फार मोठे. तिथे पर्सी नायलँडर यांना १९७०च्या दशकात जुळ्यांच्या मातांत हे संप्रेरक अधिक आढळले. बुरूलाच्या मेंढ्यांतही आधी तेच मोजले गेले. २००१ साली मात्र बदल सापडला तो अंडाशयात काम करणाऱ्या बीएमपीआर-१बी या जनुकात, एका अक्षराचा. त्याने पुटकांना आवरणारा संदेश दुबळा होतो, ती लहान असतानाच पक्व होतात आणि एकाच माजात जास्त बीजांडे सुटतात. म्हणजे संप्रेरक किती, याइतकेच अंडाशय त्याला दाद कशी देते हेही मोलाचे. माणसांतही २०१६च्या अभ्यासात दोन जागा सापडल्या, एक एफएसएच घडवणाऱ्या जनुकाजवळ आणि दुसरी अंडाशयाच्या प्रतिसादाशी जोडलेली. मेंढा स्वतः वीत नाही, पण हा बदल लेकींना देतो. त्यामुळे तो बापाकडूनही पिढ्यान्‌पिढ्या वाहत राहतो.

बुरूलातला बदल सापडल्याच्या पुढच्याच वर्षी, २००२ साली, सुंदरबनातल्या बुटक्या गारोल मेंढीत नेमका तोच बदल मिळाला. तो बुरूलात आपोआप दुसऱ्यांदा घडला नसेल कशावरून? अशक्य नाही. पण अक्षर तेच, जागा तीच, आणि १७९२-९३ साली कलकत्त्याहून सिडनीच्या वसाहतीत मेंढ्या उतरल्याची नोंद हाताशी आहे. जनुक सापडण्याआधीच हेलन न्यूटन टर्नर यांनी कागदपत्रांवरून बंगालकडे बोट दाखवले होते. चीनच्या हू मेंढीतही हाच बदल आहे हे खरे. पण सिडनीच्या त्या जहाजांवर चिनी मेंढ्या नव्हत्या.

१९९०च्या दशकात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोल आणून हा गुण दख्खनी मेंढीत उतरवला. त्यातून ‘नारी सुवर्णा’ घडली. यावर धनगराचा आक्षेप रास्त असतो: दुसऱ्या कोकराला दूध कुठून? गुण जनुकात असला तरी दूध चाऱ्यातून येते, आणि माणदेशात चाऱ्याचा भरवसा नसतो. म्हणून या मेंढ्यांना गाभणपणी आणि व्याल्यावर वेगळा खुराक लागतो, आणि तो देणे परवडेल अशाच कळपांत जुळ्यांचा फायदा हाती येतो.