जोडी आणि ढाबळ

बीड जिल्ह्यातल्या सिरसाळ्यात पत्र्यावरची ढाबळ पाहताना मला अकबराचा दरबार आठवतो. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त बादशहाच्या २०,०००हून अधिक कबुतरांची नोंद आहे. या छंदाला अकबर 'इश्कबाजी' म्हणे. जातींचा संकर करून त्याने वाण सुधारला, असेही त्यात नमूद आहे.

हे साधते कसे, ते ढाबळीतच कळते. निवडलेले नर-मादी काही दिवस एका खणात कोंडतात. जोडी जुळली की सहसा मोडत नाही. मादी दोन अंडी घालते. दिवसा बराच वेळ नर, रात्री मादी, असे दोघे साधारण १८ दिवस उबवतात. पिले उडण्याआधीच पुढची अंडी येतात, म्हणून प्रत्येक जोडीला घरट्याच्या दोन जागा लागतात.

१८५९ साली डार्विनने अकबराच्या कबुतरांचा दाखला दिला आणि मर्मही सांगितले: कबुतरांची जोडी जन्मभराची करता येते, म्हणून एकाच ढाबळीत अनेक जाती शुद्ध राखता येतात. उत्क्रांतीच्या त्या मांडणीला पाखरांच्या या निष्ठेचा आधार होता. बादशहाच्या ढाबळीला अबुल फजल भेटला. गावोगावच्या ढाबळी जपणाऱ्यांची विद्या मात्र तोंडीच राहिली. ती आता लिहून ठेवायला हवी.